किल्ली माझ्या खिशात होती

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात केलेले भाषण. बोललो तसेच, थोडी काटछाट करून स्मरणिकेसाठी देत आहे.)



समितीने मला विषय दिला आहे, 'शाळेत तंत्रज्ञान शिकवण्याचे महत्त्व'. वेळ दिली आहे वीस मिनिटं. मास्तराची वीस मिनिटं हजेरी घेण्यातच जातात हे समितीला माहीत नसावं. पण प्रयत्न करतो. विषय महत्त्वाचा आहे की नाही, यावर आज कुणाचं दुमत असेल असं वाटत नाही. इथे बसलेल्या प्रत्येक घरात स्मार्टफोन आहे आणि तो बिघडला की आपण हाक मारतो ती नातवाला. तेव्हा महत्त्व सांगण्यात वेळ घालवत नाही. महत्त्व पटलेलं असूनही आपण शिकवत का नाही, ते सांगतो. आणि त्यासाठी सुरुवात माझ्यापासून करावी लागेल.

आपल्या सोसायटीची नोंदणी झाली, त्याच सुमारास मी ज्या शाळेत होतो तिथे संगणक आले. शाळेचं नाव घेत नाही, कारण चूक शाळेची कमी आणि माझी जास्त होती. टेम्पोतून खोके उतरले. नारळ फोडला, पेढे वाटले, पालकसभेत टाळ्या झाल्या. संगणकांना वेगळी खोली दिली, खिडक्यांना पडदे लावले, चपला बाहेर काढायचा नियम केला. देवघराचं सोवळं परवडलं, असा तो थाट होता. मी विज्ञानाचा शिक्षक, म्हणून खोलीचा प्रभारी मला केलं. किल्ली माझ्याकडे आली.

आता खरं सांगतो. मला संगणक येत नव्हता. थोड्या दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. त्यात चालू करणं, बंद करणं आणि पडद्यावर रंगीत चौकोन काढणं एवढं शिकलो होतो. जडवस्तू रजिस्टरला नोंद माझ्या सहीने. समुद्राची खारी हवा, विजेचा लपंडाव, त्यात पन्नास पोरं. बिघडला तर भरून कोण देणार, हीच धास्ती. मग मी काय केलं? मुलांना रांगेने आत नेत असे, एकच संगणक स्वतः चालू करत असे आणि मुलं हाताची घडी घालून बघत. उरलेल्या तासांना फळ्यावर संगणकाचं चित्र काढून भागांची नावं पाठ करून घेत असे. परीक्षेत प्रश्न असे, माउसचे उपयोग लिहा, गुण तीन. ज्यांनी माउस कधी धरला नव्हता, त्यांना मी तीनपैकी तीन गुण दिलेले आहेत.

एकदा एका पोराने, मच्छीमाराचा मुलगा होता तो, मला विचारलं, "सर, हात लावलंय तर काय होतला?" मी म्हटलं, "बिघडात. लांब रव."

काही वर्षांनी ते संगणक भंगारात काढले. तेव्हा मी पाहिलं, की-बोर्डवरची अक्षरं अगदी नव्यासारखी होती. अक्षरं पुसट व्हायला बोटं लागावी लागतात. ती लागलीच नव्हती. किल्ली मात्र झिजली होती, कारण ती इतकी वर्षं माझ्या खिशात होती.

हे मी हसण्यावारी नेतो आहे, पण झोंबतं. कारण त्याच काळात देशात एक वेगळा प्रयोग चालला होता. 26 जानेवारी 1999 रोजी दिल्लीत कालकाजी भागात, एनआयआयटी या कंपनीच्या कचेरीच्या भिंतीला भोक पाडून सुगत मित्रा नावाच्या शास्त्रज्ञाने त्यात एक संगणक बसवला. पलीकडे झोपडपट्टी होती. संगणक तिकडे तोंड करून. शिकवायला कुणी नाही, अडवायलाही कुणी नाही. शाळेचं फारसं तोंड न पाहिलेली, इंग्रजी न येणारी मुलं जमली आणि काही तासांतच एकमेकांचं बघून इंटरनेटवर फिरू लागली. पुढे असे भिंतीतले संगणक देशात अनेक ठिकाणी बसवले गेले आणि त्यात आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातली गावंही होती. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांची संगणकाची आणि गणिताची प्रगती मोजून संशोधकांनी निबंध लिहिले. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली मुलं उघड्यावरच्या संगणकाला हात लावून शिकत होती आणि मी पडदे लावलेल्या खोलीची किल्ली सांभाळत होतो.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नुसता संगणक ठेवला की काम झालं, असंही नाही. पायल अरोरा नावाच्या अभ्यासक बाईंनी उत्तराखंडात अल्मोडा भागात जाऊन पाहिलं, तर तिथले भिंतीतले संगणक बंद पडलेले होते. शाळेशी संबंध नाही, देखभाल करणारं कुणी नाही, मग ते टिकणार कसे? खुद्द मित्रांनीही पुढे आपल्या कल्पनेत भर घातली. इंग्लंडमधल्या निवृत्त आजीबाईंना त्यांनी इंटरनेटवरून भारतातल्या मुलांशी जोडून दिलं. या आज्यांनी संगणक शिकवायचा नव्हता. त्यांचं काम एवढंच, की मुलगा काहीतरी करतोय ते बघायचं आणि म्हणायचं, "अरे वा! हे कसं केलंस? मला दाखव बघू." 2013 साली मित्रांना त्यासाठी मोठा पुरस्कार मिळाला आणि त्यातून जी मोजकी केंद्रं उभी राहिली, त्यांतलं एक आपल्या महाराष्ट्रात, फलटणला होतं.

त्या आज्यांकडे मी शेवटी परत येणार आहे. पहिल्या रांगेतल्या आज्यांनी डुलक्या घेऊ नयेत.

तंत्रज्ञान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त संगणक आणि मोबाईल येतो. हा एक मोठा घोटाळा आहे. पाणी चढवणारा पंप हे तंत्रज्ञान आहे, होडीचं इंजिन हे तंत्रज्ञान आहे, आमसुलं वाळवायचा सौर ड्रायर हे तंत्रज्ञान आहे. समोर समुद्रात उभा असलेला सिंधुदुर्ग हेही तंत्रज्ञानच आहे. 1664 साली कुरटे बेटावर महाराजांनी त्याची मुहूर्तमेढ केली, तेव्हा लाटांच्या माऱ्यात पाया टिकावा म्हणून चिरे बसवताना शिशाचा रस ओतला. आपण मुलांना तिथे सहलीला नेतो, वहीत साल लिहून घेतो आणि परत आणतो. शिसंच का, चुना का नाही, हे विचारत नाही.

हातांनी शिकण्याचा हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, ती हीच, की काम करता करता शिक्षण. कोठारी आयोगाने 1966 मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. आमच्या शाळांत त्याचा झाला काय? खडूच्या डब्या आणि कागदी फुलं. तेही वहीत गुण भरण्यापुरतं.

पण एका माणसाने ते मनावर घेतलं. डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेतून पीएचडी केलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक असलेले गृहस्थ. ती नोकरी सोडून 1983 साली ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात जाऊन राहिले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. दहावी नापास, शाळेतून गळलेल्या पोरांना त्यांनी जवळ केलं. ती पोरं वेल्डिंग शिकली, घुमटाच्या आकाराची स्वस्त घरं बांधू लागली, जमिनीत पाणी कुठे लागेल याचं मोजमाप करू लागली. त्यातूनच शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय तयार झाला आणि माध्यमिक मंडळाने त्याला मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य असे चार विभाग. शिकवायला गावातलाच गवंडी, गावातलाच वायरमन. आणि मुलांनी जे करायचं ते गावाच्या उपयोगाचं, म्हणजे कुणाचं फाटक दुरुस्त कर, कुणाच्या घरात वायरिंग कर, कुणाच्या रक्ताचा गट तपासून दे. पुढे 2002 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या जगप्रसिद्ध संस्थेने आपली 'फॅब लॅब' नावाची प्रयोगशाळा परदेशात काढायला सुरुवात केली, तेव्हा अगदी पहिल्यांमध्ये नाव होतं ते या पाबळचं. कलबाग सर 2003 साली गेले. आश्रम चालू आहे.

मला त्यातली एक गोष्ट फार पटली. त्यांनी शिक्षकालाच सगळं आलं पाहिजे असा हट्ट धरला नाही. ज्याला येतं त्याला शाळेत बोलावलं. मला संगणक येत नव्हता हा माझा गुन्हा नव्हताच. ज्याला येत होता त्याला मी बोलावलं नाही, आणि पोरांनाही लांब ठेवलं, हा माझा गुन्हा.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. निवृत्त झाल्यावर एकदा मी एका ट्रॉलरवर गेलो होतो. तांडेल कोण? तोच, "हात लावलंय तर काय होतला" विचारणारा. दहावीला विज्ञानात जेमतेम पास झालेला. त्याच्या केबिनमध्ये जीपीएस, वायरलेस आणि फिश फाइंडर. पडद्यावर समुद्राचा तळ दिसत होता, मध्येच माशांचा थवा ढगासारखा दिसत होता. मी नुसता बघत राहिलो. तो म्हणाला, "हात लावा सर, काय होवचा नाय."

मित्रांनो, नववीच्या विज्ञानात ध्वनीचा धडा आहे. त्यात सोनार आहे. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण पंधराशे मीटर जातो, तळाला आपटून परत येतो, लागलेल्या वेळावरून खोली काढा. चार शतांश सेकंदात परत आला, तर गेला-आला साठ मीटर, म्हणजे खोली तीस मीटर. हे गणित मी आयुष्यभर फळ्यावर सोडवलं आणि हा मुलगा त्यात नेहमी चुकायचा. आज तो ते गणित रोज पोटासाठी वापरतो. त्याला मी तेव्हा बंदरावर नेऊन ते यंत्र दाखवलं असतं, तर तो चुकला नसता. आणि उलटंही आहे. त्याला आज यंत्र चालवता येतं, पण ते बंद पडलं की माणूस लांबून मागवावा लागतो. शाळेत त्याला ध्वनी समजला असता, वायर तपासता आली असती, तर निम्मा खर्च वाचला असता.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्याचा रंग पाहून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे, लाटा किती उंच असतील, याची सूचना किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना देते. ती वाचणं, समजणं, आजोबांना समजावून सांगणं, हा आठवीच्या भूगोलाचा प्रकल्प का होऊ नये? जून आणि जुलै हे दोन महिने आपल्याकडे मासेमारी बंद असते. होड्या वर काढलेल्या असतात, तांडेल आणि इंजिनाचे मिस्त्री किनाऱ्यावरच असतात. आणि त्याच जूनमध्ये शाळा सुरू होतात. इतका सुंदर योग जुळून आलेला असताना आपण पोरांना वर्गात कोंडून सोनारची आकृती काढायला लावतो. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायला जावं असं म्हटलंय. आपल्या शाळांनी ते दहा दिवस जूनमध्ये बंदरावर काढावेत, अशी माझी सूचना आहे.

आता थोडं कडू बोलतो. कोकण विभागीय मंडळ 2012 पासून वेगळं झालं आणि तेव्हापासून दहावीच्या निकालात राज्यात पहिलं आहे. 2024 साली आपला निकाल 99.01 टक्के लागला. अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण दुसरे आकडे बघा. 2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती. 2011 मध्ये ती 8,49,651 झाली. देशाची वाढली, आपली घटली. चाकरमानी ही आपली जुनीच परंपरा, तिला नावं ठेवायची नाहीत. या सोसायटीतले निम्मे फ्लॅट चाकरमान्यांच्या कमाईतूनच उभे राहिलेत. पण शंभरातली नव्व्याण्णव मुलं पास होतात आणि तरीही फ्रिज दुरुस्तीला, सौर पॅनल बसवायला, होडीच्या इंजिनाला माणूस मिळत नाही, याचा अर्थ काय? पोरांनी जावंच, पण जायलाच हवं म्हणून जाऊ नये. हातात काही असेल, तर राहायचं की जायचं हे त्यांना ठरवता येईल. तारकर्लीला स्कूबा शिकवणारी सरकारी संस्था झाली, त्यामुळे आपली काही पोरं पाण्याखालच्या यंत्रांवर पोट भरू लागली. ज्यांना हवेचा दाब समजला, सिलिंडरची देखभाल समजली, त्यांना काम घरच्या किनाऱ्यावर मिळालं.

2021 च्या मे महिन्यातलं तौक्ते वादळ आठवा. खांब आडवे, वीज नाही, मोबाईल मुके. आपल्या सोसायटीत पाणी चढेना. आपल्याकडे तेव्हा पदवीधर किती होते? मी मोजले नाहीत, पण जिन्यात उभं राहून चर्चा करणारे सगळे पदवीधरच होतो. शेवटी आयटीआयत वायरमनचा कोर्स करणाऱ्या एका पोराने भाड्याचा जनरेटर पंपाला नीट जोडून दिला, मेन स्विच आधी बंद करून. 'मेन आधी बंद का केलास?' म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "नाहीतर आपली वीज उलटी लाइनीत जाईल आणि खांबावर काम करणारा मरेल." हे वाक्य मी कुठल्याही पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

काही पालक मला म्हणतात, "सर, पोरं आधीच दिवसभर मोबाईलमध्ये असतात, त्यात शाळेने आणखी काय शिकवायचं?" मी म्हणतो, म्हणूनच शिकवायचं. 'प्रथम' या संस्थेच्या 2024 च्या 'असर' अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वर्षांच्या मुलांना विचारलं. 82 टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. आणि समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी आपलं खातं खाजगी कसं करायचं हे माहीत असलेले सुमारे 55 टक्केच. म्हणजे गाडी सगळ्यांच्या हातात आहे, ब्रेक कुठे आहे हे निम्म्यांनाच ठाऊक आहे.

आणि फक्त मुलांनाच बोल लावू नका. दोन वर्षांपूर्वी मला मेसेज आला, 'बिल थकले आहे, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल.' खाली नंबर. मी फोन लावला. पलीकडचा गृहस्थ फार अदबीने बोलत होता. त्याने सांगितलेलं ॲप मी मुकाट्याने उतरवून घेतलं. तेवढ्यात शेजारची आठवीतली मुलगी वाटीभर साखर मागायला आली. तिने माझ्या फोनकडे बघितलं आणि ओरडली, "आजोबा, तो तुमचा स्क्रीन बघतोय! नेट बंद करा!" तोपर्यंत नऊ हजार रुपये गेले होते. उरलेले वाचले. तिनेच मला 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर सांगितला, तिनेच लावून दिला. मी विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? म्हणाली, "आमच्या मॅडमनी. एक तास घेतला होता."

एक तास! इतकी वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाची उरलेली पुंजी एका तासाच्या शिकवण्याने वाचली. ती मुलगी आत्ता इथे बसली आहे. नाव घेत नाही, लाजेल.

आता हे एआय आलंय. मुलं निबंध त्याच्याकडून लिहून घेतात, अशी तक्रार आहे. मी आपल्या इमारतीतल्या मुलांना घेऊन एक प्रयोग केला. एका चॅटबॉटला आपल्या परिसराची माहिती विचारली. त्याने छान, घोटीव मराठीत उत्तर दिलं आणि त्यात दोन चुका ठोकून दिल्या. मुलांनी लगेच पकडल्या, कारण जागा त्यांच्या पायाखालची होती. मग मी म्हटलं, जी जागा तुमच्या पायाखालची नाही, तिथल्या चुका कशा पकडाल? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "दुसरीकडे पण बघायचं." बस्स. तंत्रज्ञान शिकवणं म्हणजे हे.

आता शेवटचा मुद्दा, पैशांचा. शाळांकडे पैसे नाहीत, हे आपलं ठरलेलं उत्तर. केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅब योजना 2016 पासून आहे, निवडलेल्या शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. ज्या शाळांना मिळेल त्यांनी जरूर घ्यावं. पण माझा अनुभव सांगतो, वीस लाखांच्या खोलीलाही कुलूप लागू शकतं.

तुम्हाला सगळ्यांना आपल्या टाकीवरचा भोंगा माहीत आहे. पहाटे सहाला कोकलतो म्हणून तिसऱ्या मजल्यावरून माझ्याकडे तक्रारही आली आहे. तो मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या सात मुलांनी केला. त्याआधी टाकी भरून वाहायची, गच्चीवरून धबधबा पडायचा आणि पंप कुणी बंद करायचा यावरून सर्वसाधारण सभेत भांडणं व्हायची. मुलांनी काय वापरलं? एक ट्रान्झिस्टर, एक बझर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि थोडी वायर. दोनशे रुपयेही लागले नाहीत. पाणी वर येऊन दोन तारांना टेकलं की भोंगा वाजतो.

पण सांगण्यासारखी गोष्ट पुढे आहे. महिन्याभरात तो बंद पडला. मोठ्यांनी म्हटलं, झालं, पोरखेळ. मुलं टाकीवर चढली, अर्थात मला बरोबर घेऊन. तारांची टोकं हिरवी होऊन झिजलेली. का? तांब्याच्या तारेतून पाण्यात वीज सोडली की एका टोकाचं तांबं विरघळतं. दहावीच्या पुस्तकातलं विद्युत अपघटन. सातवीतल्या मुलाने ते टाकीवर उभं राहून शिकलं, तीन वर्षं आधी. मग कुणीतरी घरून स्टीलचे दोन जुने चमचे आणले. आज तो भोंगा चमच्यांवर चालतो आहे. पहिल्यांदा बिघडला म्हणून ती शिकली. त्या दिवशी मला माझी ती खोली आठवली. मी इतकी वर्षं काय वाचवत होतो? बिघडणं वाचवत होतो, म्हणजे शिकणंच वाचवत होतो.

तेव्हा माझं मागणं मोठं नाही. शाळांसाठी तीन गोष्टी. एक, शाळेतलं प्रत्येक यंत्र मुलांच्या हाताला लागलं पाहिजे, आणि बिघडलं तर शिक्षकाच्या पगारातून कापलं जाणार नाही, हे संस्थाचालकांनी लेखी सांगावं. शिक्षक घाबरलेला असेल तर तो कुलूपच लावणार. दोन, आठवड्यातला अर्धा दिवस हातांच्या कामाला, आणि शिकवायला गावातला जाणता माणूस. तीन, फसवणूक कशी ओळखायची याचा एक तास दर सत्राला, आणि त्याला पालकांनी व आजी-आजोबांनीही बसायचं.

आणि या तिन्ही गोष्टींत मुली मागे उभ्या राहणार नाहीत, हे बघायचं. लॉकडाऊनमध्ये आपल्याच कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केला, पावसापाण्यात. जिद्द मुलींकडे आहे. स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हातात आपण देत नाही. भोंगा करणाऱ्या सातांत तीन मुली होत्या आणि चमच्यांची कल्पना त्यांच्यातलीच होती.

आता सोसायटीसाठी. आपला हा हॉल वर्षातले तीनशे दिवस बंद असतो. सत्यनारायण, वाढदिवस आणि सर्वसाधारण सभा, संपलं. तो दर रविवारी चार ते सहा मुलांसाठी उघडा ठेवावा. घराघरात पडलेले जुने पंखे, मिक्सर, रेडिओ, बंद मोबाईल इथे आणून द्यावेत. खोलायला. आपल्यातले निवृत्त इंजिनिअर, वीज खात्यातले, बँकेतले, एसटी वर्कशॉपमधले लोक आळीपाळीने बसतील. विजेला जोडलेलं काही उघडायचं नाही आणि मोठं माणूस असल्याशिवाय प्लग लावायचा नाही, एवढेच दोन नियम.

आणि आजीबाईंनो, तुम्हीही यायचं. तुम्हाला काही यायला नको. पोराने मोटार फिरवून दाखवली की म्हणायचं, "माझ्या बाबा, ह्यां कसां केलंस? माका दाखव बघूया." इंग्लंडच्या आज्यांना जमलं ते मालवणच्या आज्यांना न जमायला काय झालं?

हॉलची किल्ली सध्या सचिवांच्या घरी खिळ्याला असते. माझी विनंती आहे, रविवारची एक किल्ली मुलांकडे असू द्यावी. हरवतील कदाचित. दुसरी करून घेऊ, पन्नास रुपये लागतात, मी देईन.

माझी वीस मिनिटं केव्हाच संपली आहेत, आणि अध्यक्षांनी दोनदा घड्याळ बघितलेलं मी पाहिलं आहे.  

(ता. क. : या भाषणानंतरच्या सभेत हॉल रविवारी उघडा ठेवण्याचा ठराव मंजूर झाला. किल्ली आठवीतल्या त्याच मुलीकडे आहे. अजून हरवलेली नाही.)